कंपनीचं घर बघायला

राजूरच्या शिवारात दुर्गाबाईचं स्वतःचं एक रान होतं. बापानं मरायच्या आधी तिच्या नावावर करून दिलेलं. सौर विजेच्या एका कंपनीला ते तीस वर्षांसाठी भाड्यानं पाहिजे होतं. कंपनीची प्रियदर्शनी नावाची पोरगी गुळगुळीत पुस्तक घेऊन ओसरीवर आली अन् वाचायला लागली. आमचं ध्येय गावोगाव स्वच्छ वीज. आमचं मूल्य विश्वास. शेतकरी आमचा भागीदार. नजर पुढच्या तीस वर्षांवर. दुर्गाबाईचा नवरा धर्मराज कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलवत होता.

"पुस्तक बेस हाय," दुर्गाबाई म्हणाली. "पण माय, वरपक्ष सोताबद्दल वाईट कधी सांगतो का? लेक द्यायच्या आधी आम्ही घर बघून येतो. न सांगता."

"कंपनीचं घर बघणार ही!" धर्मराज हसला. पण सही हिचीच लागणार, मंग करतो काय बिचारा? बदनापूरच्या अंगाला कंपनीचं काम आधीच उभं होतं. दोघं दुसऱ्या दिवशी एसटीनं तिकडं गेले.

आता खरं सांगायचं तर दुर्गाबाई भुललीच. उघड्याबोडक्या माळावर निळ्या काचांच्या ओळीच ओळी. जिकडं बघावं तिकडं भरलेलं तळं, अन् त्यातून ढग चाललेले. "जमीन द्यायचीय" म्हणताच चौकीदारानं जल्दी फाटक उघडलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पाण्याचा तांब्या लख्ख घासलेला होता, हेही तिनं टिपून ठेवलं. मंग ती ओळींमधून हिंडायला लागली. काचांखाली गार सावली, पायाला लागणारं मऊ गवत, कुठूनतरी येणारी बारीक गुणगुण. आपण झोपेत चालून राह्यलो असं तिला वाटलं. नांगर नको, खुरपं नको. उन्हानं राबावं अन् आपण म्हातारं व्हावं, निवांत. बापाचं रान असं निळं झालेलं तिला दिसायला लागलं, आणि तिनं मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

एका ओळीत एक बाई काचा पुसत होती. गोजरबाई तिचं नाव. हे रान तिचंच, कंपनीला दिलेलं.

"सुखी हायस का, माय?" दुर्गाबाईनं विचारलं.

गोजरबाईनं आधी चौकीच्या खिडकीकडं पाहिलं. मंग म्हणाली, "हाव. भाडं बराबर येतं."

"रानात येतीस का मनाला येईल तवा?"

"ड्युटी असली का येते."

दुर्गाबाईच्या मनात आलं, नवी नवरी अशीच बोलते. माहेरच्या माणसानं खुशाली विचारली का आधी सासूच्या तोंडाकडं बघते, मंग चांगलं हाय म्हणते. गोजरबाईनं पुन्हा फडकं उचललं. दुर्गाबाई फाटकाकडं निघाली. परतीच्या गाडीत धर्मराज एकटाच बोलत होता.

दोन दिवसांनी प्रियदर्शनी कागद घेऊन आली.

"सांग, काय ठरवलंस?" धर्मराज म्हणाला.

दुर्गाबाईनं तोंड उघडलं, अन् तिचे डोळे आपसूक नवऱ्याच्या तोंडाकडं गेले. त्यानं हलकेच मान हलवली, दे म्हणून. त्या क्षणी तिला कळलं. पोरीला शिकायला धाडायचं का, म्हैस इकायची का, कुणी काही विचारलं का ती आधी तिकडंच बघत आली होती. लग्न झाल्यापासून. तिला स्वतःचा भलता राग आला, अन् जरा रडूही.

"आवं," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाता का? मला हिच्याशी बोलायचंय."

धर्मराज उठला, पण आपल्याच घरातून उठून जायचं कुठं, हे त्याला उमगेना. शेवटी चपला घालून पाराकडं गेला.

दुर्गाबाईनं प्रियदर्शनीकडं सरळ बघितलं.

"रान देणार न्हाई मी."

आवाज कापला तिचा. पण किती बरं वाटलं म्हणून सांगू.