फुलपाखरांच्या बागेत माझी अंडी

मित्रांनो, मी एक म्हातारी, मातकट रंगाची बदकीण आहे. माझ्याकडे कुणी वळून पाहत नाही, याचे मला दुःख नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

एके काळी या तळ्यावर आमची एवढी गर्दी असे की पाणी दिसत नसे. मग काठावर घरे आली, पाणी आटले आणि आम्ही बोटांवर मोजण्याइतके उरलो. नेमका तेव्हाच माणसांना निसर्गाचा पुळका आला. त्यांनी काठावर फुलपाखरांची बाग उभारली.

कोणते फुलपाखरू? तेच पिवळे, जे कुंपणापासून उकिरड्यापर्यंत सगळीकडे बागडते! त्याच्याशी माझे वैर नाही. ते पानाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. हवे ते झाड कुंडीत मिळाले तरी त्याचे भागते. मला मात्र अंड्यांवर ठाण मांडून बसावे लागते, तेही पाण्यालगतच्या दाट गवतात. ते गवत दिसायला गबाळे, एवढाच त्याचा गुन्हा.

गवत कापत कापत माळीकाका माझ्यापर्यंत आले.

"साहेब, हिच्याखाली अंडी आहेत."

"बदकच ना? जाईल दुसरीकडं," बागेचे साहेब म्हणाले.

"अहो, ती जाईल. अंडी कशी जातील?"

साहेबांनी डोके खाजवले. "मग अलगद उचला आणि फुलांच्या वाफ्यात ठेवा. छान सावली आहे तिथं."

त्यांनी खरेच अलगद उचलली. टोपलीत कापूससुद्धा घातला. मी कुंपणापलीकडून ओरडत राहिले. पाण्यापासून दूर, माणसांच्या गराड्यात मी कशी बसणार? अंडी गार पडली.

"करायला गेलो एक आणि झालं भलतंच," असे म्हणून साहेब उद्घाटनाच्या तयारीला लागले.

आता बागेच्या फाटकावर माझे चित्र आहे. खाली लिहिले आहे, 'दुर्मिळ बदक वाचवा'. मातकट रंग शोभेना, म्हणून रंगाऱ्याने मला निळे पंख दिले. माझा नुसता संताप होतो.

मित्रांनो, पलीकडच्या काठावर गवताचा एकच पुंजका उरला आहे. त्यात मी पुन्हा अंड्यांवर बसले आहे. बागेत आलात तर फुलपाखरे खुशाल पाहा, पण त्या गवताकडे बोट दाखवून "शी, केवढी घाण" असे म्हणू नका. तुम्ही म्हणता आणि साहेब लगेच विळा मागवतात.