म्हातारीची शाल
आईने आपला आवाज दिला, पण अट घालून. "आपल्या ओगुलिन गावच्या पोरांनी ही तुमची चित्रांतली गोष्ट शेवटपर्यंत नेली तर ठीक. अर्ध्यातून उठली, तर माझा आवाज पुसून टाकायचा. गोष्ट ऐकायची असते नेवेन्का, बोटाने ढकलायची नसते."

माझी आई मार्ता एकदा बोलली की क्लेकचा डोंगर हलेल, ती हलणार नाही. गोष्ट तिच्या आजोळची. डोंगरातली परी, आमची विला, वाऱ्यावर बसून गावात येते. ज्या घराची खिडकी आणि दार दोन्ही उघडी, त्याच घरात शिरते आणि जाताना चुलीपाशी कधी न संपणारी लोकर ठेवून जाते. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. आईचा आवाज पुसावा लागला असता तर माझी चित्रं तेवढी उरली असती.

शनिवारी सकाळी वाचनालयात मुलं जमली. मोठ्या पडद्याला बोट लावलं की चित्र हलायचं. ही करामत वेद्रानची. मी चित्रं काढते, तो ती हलवतो. आई मागच्या खुर्चीत बसली होती, अंगात कोट, मांडीवर पर्स, जणू बस सुटायची होती.

सुरुवात झकास झाली. मुलांनी चित्रातल्या म्हातारीच्या मांजराला दूध पाजलं, खिडकी उघडली, पडदे फुगले. आता फक्त दार. वेद्रानने ते असं लुकलुकत ठेवलं होतं की आंधळ्यालाही दिसावं. पण कुणी बोट लावेना.

"उघडा की दार," वेद्रान म्हणाला.

"नको," पुढे बसलेली तोन्का म्हणाली. "म्हातारी मध्ये बसलीय."

"मग?"

"मग काय? प्रोपुह लागेल तिला."

प्रोपुह म्हणजे घरातून आरपार जाणारं वारं. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी त्याला भ्यायला शिकतात. त्याने मान धरते, कान ठणकतो, आणि शेजारच्या श्तेफिचाबाईंच्या मते नवराही पळून जातो. आणि आम्ही दोघा शहाण्यांनी म्हातारीला नेमकं खिडकी आणि दाराच्या मधोमध बसवलं होतं. मी कपाळाला हात लावला.

तोन्काने खिडकी परत लावून घेतली. बाकीची पोरं चुळबुळायला लागली. मागे पर्सची चेन वाजली, मी वळून पाहिलं. आई उठली होती.

पण ती वाचनालयाच्या दाराकडे गेली नाही. पुढे आली. "सरक गं," तोन्काला म्हणाली आणि पोरांच्या बुटक्या स्टुलावर कोटासकट बसली. "शाल कुठाय हिची? खुंटीलाच? आधी शाल घेते ती, मानेला गुंडाळते, मग दार."

"आई, रेकॉर्डिंगमध्ये हे बोलली नाहीस तू."

"हे सांगावं लागतं? शाल न घेता दार कोण उघडतं?"

वेद्रान लॅपटॉपवर वाकला. तो खुंटीवरची शाल सुटी करत होता तोवर आईने पोरांना ती शाल कुणी विणली, कुणी चोरली, परत कशी आली, सगळं सांगितलं. यातलं अक्षरही मी आजवर ऐकलं नव्हतं. एकही मूल जागचं उठलं नाही.

शाल तयार झाली. तोन्काने ती ओढून म्हातारीच्या गळ्यात घातली, कानांवरूनही घेतली आणि खिडकी उघडली. मग म्हणाली, "आजी, दार तू उघड."

आईने बोट कोटाला पुसलं आणि दाराला लावलं.

वारं घरात घुसलं, त्याच्यामागून हिरव्या झग्यातली विला आली, आणि पडद्यातून आईचाच आवाज पुढे सांगू लागला. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मी वेद्रानच्या कानाशी लागून काहीतरी बोलायला गेले.

आईने मागे वळून डोळे वटारले. "गप्प बस. गोष्ट चाललीय."