इंद्रजीतची सॅक

कोर्टात सगळं पाच-सात मिनिटांत आटपलं. इंद्रजीतने आणि मी परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला होता, आणि कायदा म्हणतो, सहा महिने थांबा, विचार करा, मग पुन्हा या. विचार करायच्या ऐवजी मी नोकरी सोडून पाठीवर सॅक टाकली आणि कच्छ, राजस्थान, हिमाचल करत फिरत राहिले. वर्षभर फिरायचं ठरवलं होतं, त्यातलं अर्धं झालं होतं. या तारखेपुरती पुण्यात आले होते, आजच पुढे सिक्कीमला निघायचं होतं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "विचार बदललाय का?" आम्ही दोघंही एकदमच "नाही" म्हणालो. नऊ वर्षांच्या संसारात आमचं इतक्या झटपट एकमत कधी झालं नव्हतं.

काही वाटलं का? नाही. आधीचे दिवसही असेच कोरडे गेले होते. कर्वेनगरचा भाड्याचा फ्लॅट रिकामा केला, स्कूटर विकली, फ्रिज वॉचमनला देऊन टाकला. भिंतीतला खिळा उपटताना प्लास्टर पडलं तेव्हा इंद्रजीत "सॉरी" म्हणाला. मला की भिंतीला, कोण जाणे. अकोल्याला माझ्या आईबाबांना आधीच कळवून झालं होतं. बाबांनी "हं" म्हणून फोन आईकडे दिला आणि आईने तो ठेवून दिला. आता एकच काम उरलं होतं, आणि ते मात्र आम्ही सहा महिने पुढे ढकलत आलो होतो. नारायण पेठेत राहणाऱ्या माझ्या सासूबाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं.

सासूबाईंना अख्खी बिल्डिंग मुक्ताई म्हणते. मी आई म्हणते. लग्न करून पुण्यात आले तेव्हा या शहरात मी कुणालाच ओळखत नव्हते, पण या एका बाईने मला एकटं कधी वाटू दिलं नाही. माझ्या हातच्या भाजीला त्या पहिल्या दिवशी "अकोल्याहून जाळ आणलास की काय" म्हणाल्या आणि दोनदा वाढून घेतली. अशा माणसाला घटस्फोट सांगण्यापेक्षा प्रवास सांगणं सोपं, असं आम्हाला वाटलं. त्यावर "एकटीच जाणार?" असं त्यांनी विचारल्यावर इंद्रजीतने "अर्ध्यातून मी जॉइन होणार आहे" असं ठोकून दिलं. मीही गप्प बसले. मग रोज त्यांना एक फोटो पाठवत राहिले. त्यांचं उत्तर यायचं, "जेवलीस का? हा डोंगर कालच्यासारखाच दिसतोय."

"मी सांगतो," रिक्षात माझ्या सॅकच्या पलीकडून इंद्रजीत म्हणाला. "तू फक्त बस."

दार उघडल्याबरोबर हॉलमध्ये कोचाला टेकवून ठेवलेली नवी कोरी सॅक दिसली. दुकानाचा टॅगसुद्धा अजून तसाच होता.

"त्याची," आई म्हणाल्या. "त्याच्या भरवशावर राहिले असते तर निघताना प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन निघाला असता. थर्मल आहेत, लोकरीचे मोजे आहेत, ॲसिडिटीच्या गोळ्या वरच्या कप्प्यात. मेतकूट आणि चटणी दोन-दोन पुड्या केल्यात, एक त्याच्याकडे, एक तुझ्याकडे. एक सॅक हरवली तरी दोघं उपाशी राहायला नकोत."

मी इंद्रजीतकडे पाहिलं. तो हात धुवायला गेला.

जेवायला बसलो. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी वाट बघत होते. त्याने पोळ्या खाल्ल्या, भात घेतला, वर "लोणचं आहे का गं?" विचारलं. तेव्हा मला कळलं, हा काही सांगणार नाही. मला राग आला, पण तोही दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

"आई, इंद्रजीत येत नाहीये."

"रजा नाही दिली?"

"तसं नाही. आमचा घटस्फोट झाला. आज सकाळी."

आईंच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यात तसाच राहिला. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज सकाळी."

"हो."

"आणि तिथून जेवायला आलात. छान. कोर्टात भूक चांगली लागते म्हणायची."

"आई, मी सांगणारच होतो—"

"तू लोणचं खा."

त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. भांडणं झाली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. आमचं नुसतं बोलणं संपत गेलं होतं.

"कर्वेनगरची जागा?"

"सोडली," इंद्रजीत म्हणाला. "मी इथेच येईन म्हणतो. उद्यापासून."

आई उठल्या, हात धुतले आणि हॉलमध्ये जाऊन त्याच्या सॅकपाशी खाली बसल्या. एकेक वस्तू बाहेर काढून कोचावर ठेवायला लागल्या. मेतकुटाची पुडी उचलून त्यांनी माझ्या सॅकमध्ये घातली. चटणीही घातली. मोजे हातात धरून थोडा वेळ बघितले. "हे तुला मोठे होतील," म्हणाल्या, आणि तरी घातले.

मी शेजारी उभी होते. "आई, राहू दे ना," असं काहीतरी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

"सिक्कीमला कधी पोचशील?"

"आज निघाले की चार-पाच दिवसांत."

"आणि परत येशील तेव्हा पुण्यात कुठे उतरशील?"

"माहीत नाही. बघेन."

त्यांनी माझ्या सॅकची चेन लावली. कपडे वर आले होते ते दाबून बसवले.

"इथे उतर म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आता इथे हा असणार."

नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगावं, तशा आवाजात बोलल्या. बरोबरच होतं त्यांचं. मुलगा त्यांचा होता. मी मान हलवली आणि मग मला रडू फुटलं, मोठ्याने, बाहेर जिन्यात ऐकू जाईल असं. इंद्रजीतला सोडताना मला काही झालं नव्हतं. त्याच्याबरोबर यांनाही सोडावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई माझ्याकडे न बघता सॅकचा पट्टा ओढत राहिल्या, तो केव्हाच घट्ट झाला होता तरी.