मोहरीच्या पानातला फॉल्ट

बमरोलीच्या लोटूआप्पाला एक खोड होती. काहीही पुढ्यात आलं की त्यात फॉल्ट शोधायचा. खोड कसली म्हणा, पोटच त्यावर चालायचं. कारखान्यात बावीस वर्षं तो विणलेले ताके तपासत होता. पंच्याण्णव साली त्याची गायत्री एम.एस्सी.ला होती आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी तिचा प्रबंध अडवून धरला होता. सहीशिवाय परीक्षा नाही. त्यात पोरगी तापानं फणफणलेली. मग आप्पानंच प्रबंध काखेत मारला, पुरावा म्हणून तिच्या प्रयोगातल्या मोहरीच्या बियांची पुडी घेतली आणि कॉलेज गाठलं.

सर म्हणजे बडं प्रस्थ. भिंतीवर स्वतःचेच सात फोटो.

“लोटूभाई, पानाला श्वास घ्यायला बारीक छिद्रं असतात. ती एकमेकांना चिकटून कधीच नसतात, पुस्तकात लिहिलंय. तुमच्या मुलीच्या मोहरीत मात्र जोड्याच जोड्या! हात कच्चा आहे तिचा. जोड्यांचे ते चार कागद काढा, मग सही.”

घ्या! मोहरीनं पुस्तक वाचलं नाही, हा मोहरीचाच गुन्हा.

आप्पानं पानाचा फोटो डोळ्यांजवळ धरला. “सर, या रोपाचं बी परत पेरलं होतं?”

“तीनदा पेरलं म्हणते.”

“अन् दर खेपेला जोड्याच?”

“तसंच लिहिलंय.”

“मग हात कसला कच्चा? कारागिराची चूक एका ताक्यात दिसते, दुसऱ्यात नाही. हरेक ताक्यात तोच फॉल्ट आला, तर तो जेकार्डच्या पत्त्यात असतो, साहेब, मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यात. पत्त्याला जशी भोकं, तसंच कापड उतरणार.”

सर उठले. त्यांनी दार लोटलं, चहा मागवला, वर खारीसुद्धा.

“म्हणजे छिद्रं एकमेकांपासून लांब ठेवणारं जनुकच बिघडलंय,” ते पुटपुटले. “लोटूभाई, कमाल केलीत!”

ते चार कागद त्यांनी जपून कुलपात ठेवले, पुडीही ठेवली आणि उरलेल्या प्रबंधावर झोकात सही ठोकली. आप्पाची छाती दोन वीत फुगली. एवढ्या मोठ्या माणसाला आपण शिकवलं!

“बेटा, सही व्हयनी!” घरात शिरताच तो ओरडला.

गायत्री उठून बसली. तिनं प्रबंध चाळला, परत चाळला.

“आप्पा, जोड्यांचे कागद?”

“सरांनी ठेवून घेतले. दिल्लीच्या परिषदेत वाचणार आहेत म्हणे, स्वतः!”

“अन् बी?”

“तेही त्यांच्याकडंच.”

“पण त्यांना तर ते खोटं वाटत होतं. कुणी पटवलं?”

“मीच की,” आप्पा म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.