घाटावर बसून राहणारीसाठी

काजलनं पंखा बंद केला, खिडकीवर रजई टांगली आणि मामीला म्हटलं, कुकर आता लावू नकोस. नाचणगावच्या त्या खोलीत कवडूमामा माइकसमोर मांडी घालून बसले.

परवा सेवाग्रामला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. कॅन्सरनं धरलेली आवाजाची पेटीच डॉक्टर काढणार होते. त्याआधी उरलासुरला आवाज मामांनी भाचीला देऊ केला होता, ती बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधल्या नावाड्यासाठी. घर सोडून निघालेली एक मुलगी घाटावर येते. पलीकडे जायचं, परत फिरायचं, की नुसतं बसून राहायचं, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. नावाडी तसं बोलणार. अगदी शेवटी त्याचं एक लांब मनोगत होतं. काजलनं ते जीव ओतून लिहिलं होतं.

दुपारपर्यंत मामांचा आवाज खरवडून निघाला.

"मामा, निवडीच काढून टाकते मी," काजल म्हणाली. "एकच रस्ता ठेवते. वाक्यं कमी लागतीन, अन् सगळी गोष्ट तुमच्या आवाजात होईन."

"म्हणजे खेळणाऱ्यानं मुकाट आयकाचं?"

"पण गोष्ट चांगली आहे ना!"

"असन. भाषण तर सरपंचबी चांगलंच देते."

मामांचं आयुष्य गायनाच्या सामन्यांत गेलं होतं. एका मंचावर दोन पार्ट्या. समोरच्यानं गाण्यातून सवाल टाकायचा, ह्यांनी तिथल्या तिथं गाऊन जवाब द्यायचा. कागद पाहून गाणाऱ्याची ते भर सभेत टर उडवत.

"समोरचा काय विचारन, हे ठाऊक नसते पोरी. म्हणून तर गळा लागते."

"बोलू नका हो इतकं!" धुरपतामामी दारातून ओरडली. "आवाज वाचवा."

"कोणासाठी वाचवू? परवा तर तो चाललाच."

मामी आत गेली. 

मामांनी कोमट पाण्याचा घोट घेतला. "जे बसून राह्यते, तिले नावाडी काय म्हणते?"

"काहीच नाई. तिथं नुसतं पाणी वाजते. ते कोणी निवडतबी नाई फारसं."

"ज्याले बोलताच येत नाई, तो मंग काय निवडन?"

काजलनं मान खाली घातली. म्हणाली, "दोन्हीले आवाज पुरणार नाई, मामा. एक तर हे, नाहीतर शेवटचं मनोगत."

"तुह्यं मनोगत लोक वाचून घेतीन. सुरू कर."

समोर कागद नव्हता. मामांनी मांडीवर हळूच ताल धरला आणि डोळे मिटले.

*बस माय काठावर, नाव कोठी जात नाई,*
*बोलू नको, सावली हाये, मले काही घाई...*

शेवटचा शब्द आलाच नाही. नुसता श्वास आला. काजल वाट पाहत थांबली. मामांनी हातानं 'पुरे' केलं. घरी नेऊन तिनं ते सारं साफ केलं, पण त्या श्वासाला हात लावला नाही.

ऑपरेशन झालं. जखम भरत आल्यावर काजल लॅपटॉप घेऊन आली. मामांच्या गळ्यात श्वासासाठी केलेल्या छिद्रावर पांढरी पट्टी होती. मामी सुपात तुरीची डाळ पाखडत होती.

पडद्यावर मुलगी घाटावर आली. नावाड्यानं मामांच्याच आवाजात विचारलं, "बोल माय, कुठं जातं?"

सूप थांबलं.

मामांनी पडद्याकडे पाहिलं. बोट पलीकडच्या काठावर गेलं, घराच्या वाटेवर गेलं, मग तिसऱ्यावर येऊन टेकलं. मुलगी पायरीवर बसली. पाणी वाजू लागलं आणि त्यावरून आवाज आला. नाव कोठी जात नाई. मले काही घाई...

श्वास.

"नाई," मामी म्हणाली. सुपावरून मान वर न करता, सुरात.

पुढं जायला एक बटण दाबायचं होतं. मामांनी ते दाबलं नाही. पाणी वाहत राहिलं, आणि मांडीवर त्यांचा ताल.