जनरल मॅनेजरचा दाखला

नंदनने रक्तदाबाचा पट्टा गार्नेटच्या दंडावरून सोडवला. आकडा ठीक होता. छाती, गुडघे, डोळे, सगळंच वयाच्या मानाने ठीक होतं.

"मग कर सही, डॉक. तुझा दाखला मिळाला की बोर्ड मला आणखी दोन वर्षं ठेवतंय."

कॅनडातल्या रेजिना शहराच्या या फुटबॉल टीमचा नंदन एकवीस वर्षं डॉक्टर होता, आणि गार्नेट तेव्हापासून जनरल मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, तोच ठरवी. तीन कप त्याने आणले होते. जखमी खेळाडूला काढता येत नसे, म्हणून आधी नंदनचा 'फिट' असा शेरा लागे. तो कागद घेऊन गार्नेट स्वतः त्या पोराकडे जाई. हे काम त्याने कधी कोचवर ढकललं नाही.

नंदनने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"टायरेलला आज फोन केलास?"

"केला तर. प्रॅक्टिसला दांडी मारतो म्हणजे काय? फोन आईने उचलला. रडायलाच लागली बाई, का कुणास ठाऊक."

"गार्नेट, टायरेलला तू मंगळवारी काढलंस."

"नागपूरचं ऊन अजून उतरलं नाही वाटतं तुझ्या डोक्यातून."

नंदन हसला नाही. त्याने टायरेलची फाइल उघडून समोर ठेवली. वर नंदनचा 'फिट' शेरा, खाली गार्नेटची सही. गार्नेटने चष्मा लावला. सहीवरून अंगठा फिरवला, जणू शाई अजून ओली असावी.

"पहिल्यांदाच झालं ना?"

"चौथ्यांदा. तीन वेळा मी गप्प बसलो."

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली, पोरं ओरडली. गार्नेटने दाखल्याचा कागद स्वतःच नंदनकडे सरकवला.

"जे आहे ते लिही."

नंदन लिहू लागला. समोर गार्नेट बाहीचं बटण लावत होता, ते काजात जाईना. नंदनने पेन ठेवून बटण लावून दिलं आणि राहिलेली ओळ पुरी केली.

"डॉक, टायरेलला मी नीट सांगितलं होतं ना? उभ्या उभ्या नाही ना सांगितलं?"

मंगळवारी नंदन तिथे नव्हता.

"शेजारी बसून सांगितलंस. जाताना त्याने तुझा हात धरला होता."

गार्नेट थोडा वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "आता आठवलं."