झोराइदाने फेडलेला नवस

नेरेइदाच्या डाव्या टाचेत लिंबाएवढं भगदाड पडलं होतं, पण तिला ते कधी दुखलं नाही. रक्तातल्या साखरेने पाय केव्हाच बधिर केला होता.

डॉक्टरीण याइमाने जखमेभोवती सुयांनी मांस वाढवणारं जनुक सोडलं होतं. "आता तुझं मांसच मांसाला वाढायला शिकवेल, आजी. पण पाय जमिनीला टेकवलास, तर पुढच्या खेपेला करवत घेऊन येईन."

पंचाईत अशी, की सुयांच्या आधीच नेरेइदा संत लाझारोला नवस बोलून बसली होती. कुबड्यांवरचा तो संत, कुत्री त्याच्या जखमा चाटतात. पाय वाचला तर तुझ्या सणाला गोणपाट नेसून तुझ्या दारापर्यंत गुडघ्यांवर रांगत येईन, असं तिने कबूल केलं होतं. आणि सण उद्यावर आला.

"मी रांगते तुझ्या वतीनं," शेजारची झोराइदा म्हणाली. तिला ना साखर, ना कसलं दुखणं. "तू बस खुर्ची उबवत."

"नवस दुसऱ्यानं फेडत नाहीत गं."

"संत म्हातारा झालाय. गोणपाट नेसलेली म्हातारी कुठली, त्याला काय दिसतंय?"

नेरेइदाने मान डोलावली. डोळ्यांपुढे करवत होती.

सणाच्या दुपारी ती झुलत्या खुर्चीत होती. टाचेला काहीतरी ओलं, खरखरीत लागलं. पुन्हा लागलं. जीभ! किती वर्षांनी त्या पायाला काही कळत होतं. बरं वाटलं म्हणून तिला रडूच आलं. मग तिने वाकून पाहिलं. कुत्रं नव्हतं. पट्टी जशीच्या तशी घट्ट होती, आणि जीभ पट्टीच्या आत फिरत होती.

संध्याकाळी याइमाने पट्टी सोडली आणि शीळच घातली. जखम मिटली होती, तान्ह्या पोराच्या गालासारखी गुलाबी. "मांसाला एवढी घाई मी पाहिली नाही! पण पट्टी ओली कशी?"

तेवढ्यात झोराइदा आली, धुळीने माखलेली, हसत. "फेडला बाई! गुडघ्यांची सालटी निघाली." तिने पाय पसरले.

याइमाचं हसू मावळलं. झोराइदाच्या डाव्या टाचेत लिंबाएवढं भगदाड होतं, कडा जुन्या जखमेसारख्या काळ्या.

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून?" झोराइदाने वाकून पाहिलं, बोट आत घालून पाहिलं. "दुखत तर नाही." मग तिचे ओठ पांढरे पडले. "बाबा लाझारो, माझा पाय वाचला, तर मी..."

नेरेइदाने तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! आता कुणी काही बोलायचं नाही."

ती खुर्चीतून उतरली आणि गुडघ्यांवर बसली.

"आजी, वेडी झालीस का? कातडी कोवळी आहे, फाटेल ती!" याइमा ओरडली.

"फाटू दे, नवस माझा होता," नेरेइदा म्हणाली, आणि उंबऱ्यावरून रांगत रस्त्याला लागली.